चटई उचलल्यानंतर

लाफाएले येणार हे मला कळलं ते कोंबडी धरायला सांगितली तेव्हा.

सकाळच्या बोटीने वन्सं राजधानीहून, आपियाहून, आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी टोपीचा डबा खांबाला टेकवला, पाणी मागितलं, घरातल्या प्रत्येक पोराचे कान तपासले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लोसा, ती पांढरी कोंबडी अंडी देते का अजून?"

"कधीतरी देते."

"कधीतरी देणारीला काय पोसायचं? धर तिला. संध्याकाळी पाहुणा आहे."

"कोण येतंय?"

"लाफाएले."

मी नारळ खोवत होते, ती थांबलेच. वन्सं म्हणजे साउइला, आमची नणंद. तुइलोमा हे घराण्याच्या प्रमुखाचं नाव माझ्या थोरल्या दिरांच्या, भाऊजींच्या, डोक्यावर आहे, वन्सं त्यांना तुइ म्हणतात, गावच्या बैठकीत त्यांचा खांब ठरलेला आहे, पण थोरल्या बहिणीने डोळे वटारले की तेही बैठक सोडून विहिरीकडे जातात. आणि आम्ही दोघी जावा, मी आणि भाऊजींची बायको फुआतिनो, या घरात लग्न करून आलेल्या. आमचं काम रांधायचं, वाढायचं, पाहुण्यांच्या ताटावरच्या माश्या हाकलायच्या. विचारलं तर मत द्यायचं. विचारत कुणी नाही.

"फुआताईला सांगितलंत?" मी म्हटलं.

"त्यात सांगायचं काय? चटई उचलली गेली आहे ना?"

उचलली गेली होती, हे खरं. चार वर्षांपूर्वी क्रिकेटच्या सामन्याहून परत येताना लाफाएलेने दारू पिऊन पिकअप चालवली. पुलाजवळच्या वळणावर गाडी कलंडली, आणि मागच्या हौद्यात बसलेला आमचा साकारिया, फुआताईचा एकुलता एक मुलगा, रस्त्यावर फेकला गेला आणि त्यातच वारला. दोघं रांगायला लागल्यापासूनचे मित्र. दुसऱ्या दिवशी, अजून उजाडायचं होतं, तेव्हा लाफाएले, त्याची आई आणि त्याचा मामा आमच्या अंगणात येऊन गुडघ्यांवर बसले, त्यांच्या घरातली सगळ्यात जुनी, केवड्याच्या पातीची चटई डोक्यावरून पांघरून. अशा वेळी घरातला माणूस कोयता घेऊन बाहेर आला तरी चटईखालच्याने मान वर करायची नाही. त्याने येऊन चटई उचलली, तर मिटलं. मग त्या गोष्टीचा पुन्हा उच्चारही करायचा नाही, नाहीतर उचलून काय उपयोग? भाऊजींच्या आजोबांनी एकदा अशा माणसांना ऊन डोक्यावर येईपर्यंत बसवून ठेवलं होतं. भाऊजींनी कोंबडा आरवायच्या आत चटई उचलली. सगळ्या बेटावर त्यांचं नाव झालं, चर्चच्या पाळकांनी त्यावर उपदेश केला, लोक अजून सांगतात. सरकारची शिक्षा वेगळी होती, ती लाफाएलेने भोगली. नंतर तो आपियाच्या बंदरात हमाली करत राहिला. आता आई थकली म्हणून परत आला होता.

"पाळकांचंच म्हणणं आहे," वन्सं सांगत होत्या. "उद्या प्रभुभोजनाच्या वेळी त्याला मंडळीत परत घ्यायचं. मग आदल्या संध्याकाळी त्याने या घरात प्रार्थनेला बसावं, जेवावं, म्हणजे गावाच्या डोळ्यांसमोर होऊन जाईल. तुइने हो म्हटलंय. आणि हे बघ, त्याच्या ताटावर वारा फुआने घालायचा. तू मध्ये मध्ये करू नकोस."

"वन्सं, अहो, तिने कसा घालायचा?"

"हाताने," वन्सं म्हणाल्या.

फुआताई मागच्या ओट्यावर उद्याचे पांढरे कपडे इस्त्री करत होती. वीज गेलेली, म्हणून कोळशाची इस्त्री. ती माझ्याहून बरीच मोठी, पण या घरात मी आले त्याच दिवशी मला म्हणाली होती, "मला अहो-जाहो केलंस तर तुझ्या कोकोत मीठ टाकीन." तेव्हापासून ती माझी ताई. मी तिच्याजवळ बसले आणि कसं सांगावं याचा विचार करत राहिले. तिने माझं तोंड बघितलं आणि इस्त्री दगडावर ठेवली.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. येतंय." आणि मी सांगून टाकलं. ताटावरच्या वाऱ्याचंही सांगितलं, कारण ते वन्संच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून बरं.

तिने पुन्हा इस्त्री उचलली. भाऊजींचा पांढरा सदरा इस्त्री केला, घडी घातली. मग स्वतःचा पांढरा झगा हातात घेतला, आणि इस्त्री न करताच टोपलीत टाकून दिला.

"ताई?"

"मी उद्या प्रभुभोजनाला बसत नाही. आणि सोमवारच्या बोटीने माहेरी जाते."

"किती दिवस?"

"जातेय म्हणजे जातेय, लोसा. दिवस कसले विचारतेस?" तिचा आवाज चढला नाही. "तो या खांबांमधून आत आला की मी त्या खांबांमधून बाहेर. या घराला भिंती नाहीत ते एक बरं आहे. दार शोधावं लागत नाही."

"अगं, पण तुझा राग बरोबर आहे. कुणाला येणार नाही?"

"रागाचं नाही ते." तिने चेहऱ्यावरचा घाम पुसला. "तू माझ्या शेजारी बसतेस. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. रोज सूर्य बुडाला की गावात घंटा होते, गॅसचं रिकामं सिलिंडर टांगलंय ते कुणीतरी लोखंडाने बडवतो, आणि घराघरात सगळी माणसं खाली बसतात. एक गीत, एक वचन, भाऊजींची प्रार्थना, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. आम्ही दोघी मागच्या खांबाशी. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर, हे म्हणायची वेळ आली की माझ्या उजव्या कानाला तिचा आवाज यायचा बंद होतो. पुढच्या वाक्याला परत सुरू होतो. चार वर्षं हे असंच आहे. सर्दीने घसा बसला असला, पाहुणे असले, नाताळ असला, तरी त्या जागी ती नसते.

"रोज बसताना ठरवते, आज म्हणायचं," ती म्हणाली. "रोज. आणि तिथे आलं की जीभ टाळ्याला चिकटते. तुझ्या भाऊजींनी एका सकाळी केलं ते मला इतक्या वर्षांत जमलं नाही. त्या माणसाचा देव खरा आहे. माझं सगळं ढोंग आहे बघ, पांढरा झगा आणि पांढरी टोपी. म्हणून जाते. माझ्या आईच्या घरी निदान ताटावर वारा घालायला कुणी सांगणार नाही."

मला रडू आलं. ती नाही रडली. तिने कोळसे विझवले आणि कोंबडी साफ करायला घेतली, कारण ती मी धरूनही आणली नव्हती, तिनेच धरली.

साडेतीनच्या सुमाराला वन्सं स्वयंपाकाच्या खोपटात आल्या. कच्ची केळी शिजत होती. त्यांनी झाकण काढून बघितलं, नारळाचं दूध पातळ आहे म्हणाल्या, आणि मग सरळ विषयावर आल्या.

"फुआ, लोसाने सांगितलं असेलच तुला. तोंड पाडून वाढू नकोस. लोक रस्त्यावरून बघतात."

"मी वाढणार नाही, वन्सं."

वन्संना असं उत्तर या खोपटात कुणी दिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच बोलले.

"काय म्हणालीस?"

"तुम्हाला ऐकू आलं."

"हे बघ, मी काही दगडाची नाही. साकारिया माझाही भाचा होता. माझ्या मांडीवर त्याचे दात फुटले. पण आमच्या घराण्याने शब्द दिला की दिला. चटई उचलली—"

"कुणी उचलली?"

"तुइने. म्हणजे घराने."

"मी घरात नव्हते, वन्सं." फुआताई केळी ढवळत होती, वर बघतही नव्हती. "मी इस्पितळात होते. पोराच्या पायांना वाळू लागली होती, ती पुसत होते. घरी आले तर अंगण झाडून झालेलं होतं. लोसाने मला सांगितलं, ते येऊन गेले म्हणून. तुमच्या भावाने मला विचारलं नाही. आधी नाही आणि नंतरही नाही. आणि नंतर बोलायचंच नसतं. मग मी कुणाशी बोलू?"

वन्संच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. खोपटात धूर होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं त्या पुढे सगळ्यांना सांगत होत्या. मी शपथेवर सांगते, तेव्हा वारा उलट्या बाजूला होता.

"चार वर्षांत एकदाही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"त्याने तुझ्याशी, तू त्याच्याशी?"

"नाही."

वन्संनी झाकण ठेवलं आणि निघून गेल्या. मी डोकावून बघितलं तर त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या होत्या, एवढ्या उन्हात, छत्रीशिवाय. मळ्यातून भाऊजी यायची ती वाट आहे.

भाऊजी खांद्यावर काठी आणि काठीच्या दोन टोकांना तारोच्या कंदांच्या टोपल्या घेऊन आले. वन्संनी त्यांना टोपल्या खाली ठेवू दिल्या नाहीत. रस्त्यावरच सुरू झाल्या. मला सगळं ऐकू आलं नाही, फक्त आवाज चढला की शब्द यायचे: "लाज नाही वाटली?" आणि "आई असती तर तुझ्या पाठीत घातलं असतं." भाऊजी एवढे मोठे, केस पांढरे झालेले, गावातली भांडणं मिटवणारे. ते खाली मान घालून उभे होते, खांद्यावर तारो तसेच. माझा नवरा सिमी माशांचं जाळं घेऊन मागून येत होता. तो हे बघून तिथूनच परत फिरला.

मग भाऊजींनी पायऱ्यांपाशी टोपल्या ठेवल्या, हातपाय धुतले, आणि मागच्या बाजूला, पावसाच्या पाण्याच्या टाकीपाशी आले. फुआताई तिथे कोंबडीची पिसं गोळा करत होती. मी टाकीच्या पलीकडे नारळाचं दूध पिळत होते. मी उठून जायला हवं होतं, कबूल आहे. पण आमच्या घरांमध्ये चोरून ऐकावं लागत नाही, ऐकू येतंच.

"फुआ," ते म्हणाले.

"अंघोळ करून घ्या. घंटा होईल."

"अक्का म्हणते तू सोमवारी जाणार."

"हो."

ते टाकीच्या कठड्यावर बसले. पिसं गोळा केल्याची सळसळ सुरूच राहिली. शेवटी तीच म्हणाली, "मी तुमच्यावर रागावून जात नाही. तुम्ही चांगलं केलंत. सगळं गाव म्हणतं. माझ्याकडून नाही होत, एवढंच. तुमच्या शेजारी बसून रोज खोटं बोलायचा कंटाळा आला. तुम्ही एकदा क्षमा केलीत आणि झोपलात. मला एकदाही नाही जमली."

"मी झोपलो?"

"म्हणजे काय?"

"तुला कुणी सांगितलं मी क्षमा केली?"

पिसं गोळा करणारे तिचे हात थांबले असावेत, कारण आवाज बंद झाला.

"त्या सकाळी मी उठलो," भाऊजी म्हणाले, "तेव्हा कोयता उशाशी होता. अंगणात ते तिघं बसलेले दिसले, आणि मला तिथल्या तिथे कळलं, उजाडलं की मला त्या पोराचा चेहरा दिसणार. चटईखाली असला तरी दिसणार. आजोबांसारखं दुपारपर्यंत बसवलं असतं तर मी दुपारपर्यंत थांबलो नसतो. कोयता घेऊन खाली उतरलो असतो. म्हणून अंधारातच गेलो आणि चटई उचलली. लोक म्हणतात माझं मन मोठं. फुआ, मला घाई होती. स्वतःची भीती वाटली, म्हणून घाई केली. तुझी वाट बघितली नाही, ती त्यामुळे. तू आल्यावर उजाडलेलं असतं."

"देवा," ती म्हणाली.

"क्षमा त्यात काडीची नव्हती. ती मग करायला लागलो. मळ्यातून येताना, पुलावर. तिथे उभा राहतो आणि म्हणतो, देवा, आज त्या पोराला मी सोडलं. मग घरी येतो आणि प्रार्थनेला बसतो. कधी कधी म्हणवत नाही. मग पुलावर उभा राहतो, म्हणून तर उशीर होतो. तुला वाटतं मी सिगारेट ओढतो."

"ओढता. वास येतो."

"तेही करतो."

तिच्या तोंडून हसू फुटलं की हुंदका, ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"काल?" तिने विचारलं.

"काल नाही जमलं. पाळक येऊन सांगून गेले होते ना, तो येणार म्हणून. मी हो म्हटलं, आणि पुलावर गेलो तर तोंडातून शब्द फुटेना. काल मी तुम्हा सगळ्यांना प्रार्थना सांगितली आणि माझी स्वतःची अर्धीच झाली. परवा झाली होती. त्याच्या आधी मध्ये दोन दिवस नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"बोलायचं नसतं म्हणून."

"बायकोशीसुद्धा?"

"मला वाटलं तुझं केव्हाच झालं असेल. तू इतकी शांत. मी मनात म्हणायचो, हिचं बघ, आणि आपण अजून पुलावर."

तेव्हा ती रडली. चार वर्षांत मी तिला रडताना ऐकलं नव्हतं, अंत्यविधीलाही नाही. मोठ्याने, नाक ओढत रडली. भाऊजी उठून तिच्या शेजारी खाली बसले, कोंबडीच्या पिसांमध्ये. मी नारळाचं दूध तसंच ठेवून निघाले, कारण काही गोष्टी मात्र खरंच दुसऱ्याने ऐकायच्या नसतात. जाता जाता एवढं कानावर पडलं: "आज तरी जमेल का तुम्हाला?" आणि त्यांचं, "माहीत नाही. तुला?" आणि तिचं, "मलाही नाही."

घंटा झाली. कमरेला एकसारखी निळी लुंगी गुंडाळलेले गावातले तरुण रस्त्यावर अंतरा-अंतराने उभे राहिले, प्रार्थनेच्या वेळी कुणी चालत असेल तर त्याला थांबवायला. पोरांच्या पाठीत धपाटे घालून वन्संनी त्यांना चटईवर बसवलं. भाऊजी पुढच्या खांबाशी, सिमी बाजूला, वन्सं भाऊजींच्या उजवीकडे. मी मागच्या खांबाशी. माझ्या शेजारची जागा रिकामी.

लाफाएले निरफणसाच्या झाडाखाली येऊन उभा होता. अंगावर पांढरा सदरा, हातात फडक्यात गुंडाळलेला पाव. किती वाळला होता! पूर्वी आमच्या या छपरावर चढून निम्मा दिवस पोरं तिथेच असायची, त्यातला तो. आता त्याला ना आत येववत होतं ना मागे जाववत होतं. रस्त्यावरच्या एका तरुणाने त्याला खुणावलं, घंटा झाली, एक काहीतरी कर.

"ये, लाफाएले," भाऊजींनी हाक मारली. आवाज साधा होता, पण मी त्यांचे हात बघत होते. त्यांनी दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून धरले होते.

तो आला, पण चटईवर नाही. घराच्या कडेच्या दगडांवर बसला, अर्धा बाहेर. आणि त्याच वेळी फुआताई खोपटाकडून आली. ती दोन खांबांमध्ये उभी राहिली, त्याच्या आणि माझ्या मधोमध. या बाजूने आत यायचं की त्या बाजूने बाहेर जायचं, हे तिने अजून ठरवलं नव्हतं, मला तिच्या पायांवरून कळत होतं.

वन्संनी गीत सुरू केलं. मुद्दाम सुरू केलं, आणि फार वर सुरू केलं, म्हणून आम्हा सगळ्यांना ओरडावं लागलं. पहिलं कडवं झालं. आमच्या घरातल्या गाण्यात चार वर्षं खालच्या पट्टीतला आवाज नव्हता. सिमीचा आवाज बायकी, आणि भाऊजींचा मध्येच कुठेतरी. खालचा आवाज साकारियाचा होता, आणि साकारियाबरोबर सकाळ-संध्याकाळ गाऊन जो शिकला होता त्याचा. दुसऱ्या कडव्याला तो आवाज आला. लाफाएलेने ठरवून काढला नसावा, सवयीने निघाला. आपलाच आवाज कानावर पडल्यावर तो दचकला आणि थांबला.

फुआताईने खांब धरला. मग ती आली आणि माझ्या शेजारी बसली. तिचा दंड माझ्या दंडाला लागला. कडव्याचा शेवट आम्ही कसाबसा उरकला.

वचन सिमीने वाचलं, मला एक शब्द आठवत नाही. भाऊजींची प्रार्थना छोटी झाली. पावसाबद्दल, आजाऱ्यांबद्दल, ऑकलंडला असलेल्यांबद्दल. लाफाएलेचं नाव त्यांनी घेतलं नाही, साकारियाचंही नाही. मग सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना सुरू झाली. पोरं भरभर म्हणत होती, जेवण दिसत होतं त्यांना. रोजच्या भाकरीचं झालं. त्यानंतर ते वाक्य आलं, आणि माझ्या उजव्या कानाला ती ऐकू यायची थांबली. आज पुढून भाऊजींचाही आवाज थांबला. दगडांवर बसलेला तो तर केव्हाच गप्प झाला होता, त्याचं कपाळ गुडघ्यांना टेकलेलं. ते वाक्य वन्संनी, मी, सिमीने आणि पोरांनी म्हटलं. पुढचंही म्हटलं. आमेनपर्यंत आलो.

"थांबा," फुआताई म्हणाली.

या घराच्या प्रार्थनेत कुणी कधी थांबा म्हटलेलं नाही. पोरांनी डोळे उघडले. वन्संनी एकाचं डोकं दाबून खाली केलं.

"आमेन म्हणू नका," ती म्हणाली. "माझं एक राहिलंय. रोजच राहतं." तिने लाफाएलेकडे बघितलं नाही. ती चटईकडे बघून बोलत होती, आणि मध्ये मध्ये श्वासाला अडत होती. "देवा, हे लेकरू माझ्या घरी आलंय. माझ्या लेकाबरोबर माझ्या हातचं जेवलेलं आहे. त्याने जे केलं त्याची क्षमा मी आज करते. आजच्यापुरती. उद्याचं मला ठाऊक नाही, मी तुला खोटं सांगणार नाही. आज करते."

लाफाएलेच्या पाठीला हिसके बसत होते. शेजारच्या घरातली प्रार्थना संपली होती आणि तिथली माणसं आमच्याकडे बघत होती, बघू देत.

"माझंही," भाऊजी पुढून म्हणाले. "तिच्याबरोबर." आणि मग, "आमेन."

वन्संनी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं.

जेवताना लाफाएलेला चटईवर बसवलं. तो मान वर करेना, घास गिळेना. फुआताईने त्याच्यासमोर कोंबडीचं ताट ठेवलं आणि स्वतः भाऊजींच्या शेजारी बसली, घरातली माणसं जेवायची तशी. पंखा कुणी घ्यायचा, हा प्रश्नच होता. मी हात पुढे केला, तर वन्संनी माझ्या हातावर चापट मारली, पंखा उचलला आणि लाफाएलेच्या ताटावर स्वतः वारा घालायला लागल्या. घराण्याची थोरली मुलगी! रस्त्यावरचा एक तरुण बघण्याच्या नादात शेजारच्याला धडकला.

"काय टकमका बघतोस?" वन्सं त्याच्यावर ओरडल्या. "कधी माश्या बघितल्या नाहीत? आणि तू रे, जेव. ती कोंबडी अंडी देत होती."

लाफाएलेच्या तोंडून काहीतरी फुटलं, हसण्यासारखं, आणि तो जेवायला लागला.

जायच्या वेळी तो पायऱ्यांपाशी उभा राहिला. पाव घेऊन आलेलं फडकं हातात पिळत होता.

"काकू," तो म्हणाला. "उद्या मी प्रभुभोजनाला येऊ नको का? तुम्ही म्हणालात तर मी पाळकांना सांगतो. मी मागच्या बाकावर बसेन. मला चालेल."

"प्रभुभोजनाचं देव बघेल आणि पाळक बघतील," फुआताई म्हणाली. "माझा झगा अजून चुरगळलेलाच आहे, मला इस्त्री करायची आहे." ती एक पायरी खाली उतरली. आता ती त्याच्याइतकीच उंच दिसत होती. पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, नीट, आणि बघत राहिली. तिला ते किती जड जात होतं ते तिच्या हनुवटीवरून कळत होतं. "पण संध्याकाळी इथे ये. घंटा व्हायच्या आधी ये, त्या झाडाखाली उभा राहू नकोस."

"उद्या?"

"उद्या. परवा. तेरवाही." तिचा आवाज फाटला, पण तिने वाक्य पुरं केलं. "एकदा करून मला पुरायचं नाही, लाफाएले. तुला रोज यावं लागेल."